मोठ्यानं वाच

माझा पहिला ई-मेल आयडी होता ‘सायलेंट एंजल’. पुढे दोन आकडे, कारण नुसता सायलेंट एंजल आधीच कोणीतरी पटकावला होता. घरत मॅडमनी तो स्क्रीनवर बघितला, मग मला बघितलं, आणि अख्ख्या बॅचला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, “सायलेंट कोण गो? तू? चपला काढल्यापासून तोंड बंद न्हाय तुझं!”

सगळ्या खिदळल्या. मला असला राग आला की उठून घरी जावं. पण फी भरलेली होती आणि आईनं जिवंत सोडलं नसतं.

“आईबापानं नाव ठेवलंय ना? लाज वाटते त्याची? मग हे पूस. पूर्ण नाव घाल, आडनावासकट. आणि घातलं की मोठ्यानं वाच.”

मी घातलं. मोठ्यानं वाचलं. दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. भाईंदरला केबिन रोडवर एका साडीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. सात मशिनी, सगळ्यांना मिळून एकच नेट, आणि ते नेट म्हणजे केबलवाल्यानं खिडकीतून आत टाकलेली एक वायर. जोराचा वारा सुटला की नेट गेलं. आम्ही कॉलेजच्या पोरी सर्टिफिकेटसाठी यायचो. ‘कॉम्प्युटरचे भाग किती व कोणते’ हे पाठ करायचं, टायपिंग करायचं, आणि शेवटची वीस मिनिटं नेट. त्या वीस मिनिटांसाठी आम्ही आधीचा सगळा तास सोसायचो, हे मॅडमनाही ठाऊक होतं.

मॅडम जवळच्याच मोरवा गावच्या. मूळच्या तिथल्याच, म्हणजे आमच्यासारख्या मुंबईतून किंवा कोकणातून येऊन बिल्डिंगीत राहिलेल्या नव्हेत. अंगणातल्या अबोलीचा गजरा, कपाळाला मोठी टिकली, आणि की-बोर्डवर अशी बोटं आपटायच्या की ‘ए’ आणि ‘एस’ ही अक्षरं साफ पुसली गेली होती. बोलणं घरचंच, हाय-न्हाय वालं. क्लासला चौकशीला येणारे लोक आधी त्यांनाच विचारायचे, “मॅडम कब आएंगे?” त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, “आ गए. बैठो.” कॉम्प्युटर शिकवणारी बाई इंग्लिश झाडणारी, केस कापलेलीच असली पाहिजे असं लोकांना कोणी ठरवून दिलं होतं कोण जाणे! एकदा मी त्यांना विचारलं पण, “मॅडम, क्लासमध्ये तरी शुद्ध बोला ना.” त्या बोलल्या, “मशीनला समजतंय. तुला न्हाय समजत?”

त्यांचा मुख्य नियम एकच. नेटवर काहीही लिहिलं की बटण दाबायच्या आधी मोठ्यानं वाचायचं. मेल असो, कोणाच्या प्रोफाइलवर टाकायचा स्क्रॅप असो, नुसतं ‘हाय, हाऊ आर यू’ असो. जे तोंडानं वाचवत नाही ते पाठवायचं नाही. आज हे ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा सात मशिनींवर सात जणी आपापले स्क्रॅप मोठ्यानं वाचतायत, खाली साडीवाला पदर उलगडून दाखवतोय, आणि वरून ‘मिस यू यार, टेस्टिमोनियल लिख ना’ असा घोष चाललाय, असा सगळा तमाशा असायचा.

एकदा हा नियम त्यांच्याच अंगाशी आला. एका मुलीनं मित्राला काहीतरी नाजूक लिहिलं होतं, आणि मॅडमनी तिला ते सगळ्यांसमोर वाचायला लावलं. ती बिचारी रडत निघून गेली. मॅडम सॉरी म्हणणाऱ्यातल्या नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी गजरा घेऊन आल्या, तिच्या केसात स्वतः माळला, आणि सगळ्यांना सांगितलं, “आजपासून तुमच्याच कानाला ऐकू जाईल एवढं वाचायचं. मना ऐकायची गरज न्हाय.” चूक झाली की असा नियम वाकवणारी मास्तरीण मी त्याआधी पाहिली नव्हती.

ती स्क्रॅपची साइट म्हणजे तेव्हाचं खूळ होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आणि गंमत बघा, आम्हा पोरींच्या प्रोफाइलवर फोटोच्या जागी काय, तर गुलाबाचं फूल, गोरंपान परदेशी बाळ, नाहीतर कुठली तरी नटी. नाव ‘प्रिन्सेस’, ‘ड्यू ड्रॉप’, आणि अस्मादिक ‘सायलेंट एंजल’. पोरांचं मात्र तसं नाही. ते गॉगल लावून, दुसऱ्याच्या बाइकवर बसून, नाव-गाव-कॉलेजसकट हजर! हा फरक आमच्या एकीच्याही डोक्यात आला नव्हता. आपण हुशारी करतोय, जपून राहतोय, असंच वाटायचं.

मॅडमना हे फूल-बाळ प्रकरण अजिबात खपायचं नाही. “आमच्या आज्याची मोरव्यात जागा होती,” त्या सांगायच्या. “मोकळी ठेवली. कोण येतंय, आपलीच तर हाय, असं बोलला म्हातारा. एक दिवस जाऊन बघतो तर दुसऱ्याचं कुंपण! आता घाला कोर्टात खेटे. नावाचं पण तसंच हाय गो. तुझ्या नावावर तू बसली न्हायस तर दुसरा येऊन बसंल.”

स्वतः त्या बसल्या होत्या. पूर्ण नाव, गजऱ्यातला फोटो, गाव मोरवा. साहजिकच नको ते लोक यायचे. एकानं लिहिलं, “आंटी, फ्रेंडशिप करोगी?” मॅडमनी ते आम्हाला दाखवलं, खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर टाकलं: “करूंगी ना. पहले तेरी आई का नंबर दे, उसको पूछती हूँ.” पठ्ठ्या पुन्हा फिरकला नाही. आम्ही सांगायचो, मॅडम, डिलीट करा ना असले स्क्रॅप. त्या म्हणायच्या, “मी कशाला पुसू? त्यानं लिहिलंय, त्याच्या नावानं राहू दे तिथं.”

आणि पासवर्ड! तेव्हा घराघरात एकच पासवर्ड असायचा आणि तो भिंतीवर लटकवलेल्या कालनिर्णयावर लिहिलेला असायचा. एका मुलीचे पप्पा, हाटकेशच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचा गाळा होता, एक दिवस तावातावानं वर आले. मुलीचा पासवर्ड पाहिजे म्हणाले. बाप आहे मी, हक्क आहे माझा. मॅडमनी त्यांना पाणी दिलं. “पासवर्ड तिचा हाय. तुम्हाला पाहिजे तर तुमचा बनवून देते. बसा.” आणि काय सांगू, तो माणूस बसला! अर्ध्या तासानं त्यांचा स्वतःचा ई-मेल तयार झाला, त्यांनी आपलं नाव मोठ्यानं वाचलं, आणि मुलीला पहिला मेल टाकला. त्यात लिहिलं होतं, घरी लवकर ये.

आता मनालीचं सांगते. हे सांगताना माझं डोकं अजून तापतं.

मनाली घाग आमच्याच क्लासची आणि आमच्याच बिल्डिंगीतली, बी विंगची. मी ए विंगची. घाग काका रत्नागिरीकडचे, खेडचे. भाईंदरच्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. अबोल माणूस. मनाली एस.वाय.ला, हिशेबात हुशार, आणि तिची त्या साइटवर प्रोफाइलच नव्हती. घरच्यांना आवडणार नाही म्हणून तिनं ती बनवलीच नाही. म्हणजे आपल्याकडे जिला गुणी म्हणतात तशी.

आणि तिच्याच नावाची खोटी प्रोफाइल निघाली. सोसायटीच्या नवरात्रातल्या फोटोंमधला तिचा फोटो कापून लावलेला, खाली नको नको तो मजकूर, आणि घरचा लँडलाइन नंबर. दुपारी मनालीची आई एकटी असताना फोन वाजायचे. ती माउली उचलायची आणि ऐकून ठेवून द्यायची. दोन दिवस तिनं कोणाला काही सांगितलंच नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण आमच्या सोसायटीचे चेअरमन सावंत काका. माणूस वाईट नाही हो. लालबागहून आलेले, ऑफिसातून रिटायर झालेले, पाण्याच्या टँकरसाठी उन्हातान्हात पालिकेत खेपा घालणारे. त्यांच्या पुतण्यानं त्यांना ती प्रोफाइल दाखवली. काकांना वाटलं, इतर पालकांना सावध केलं पाहिजे. म्हणून त्यांनी ते पान छापून आणलं आणि लिफ्टशेजारच्या नोटिसबोर्डात, काचेच्या आत, कुलूप लावून ठेवलं. वर लाल पेनानं लिहिलं, ‘पालकांनो सावधान’. मनालीची अब्रू जपायला म्हणून फोटोतल्या डोळ्यांवर काळ्या स्केचपेननं पट्टी ओढली, पेपरात असते तशी. आणि खाली मनाली घाग हे नाव तसंच ठेवलं!

त्या पट्टीचा मला आजही संताप येतो. नेटवर ती प्रोफाइल पाहिली असेल दहा-वीस रिकामटेकड्यांनी. बोर्डावर ती दूधवाल्यानं वाचली, केबलवाल्यानं वाचली, शाळेत जाणाऱ्या पोरांनी टाचा उंचावून वाचली. आणि लोक वाचून झाल्यावर वर बी विंगकडे बघायचे.

घाग काका एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी मनालीचं कॉलेज बंद केलं, क्लास बंद केला. परीक्षा तोंडावर होती, तीही नको. गावी आत्याकडे पाठवायचं, तिथं एक स्थळ आहे, उरकून टाकायचं. रविवारनंतरच्या गाडीचं तिकीटही काढलं. सगळे म्हणाले, बाप आहे, दुसरं काय करणार? मी विचारते, का नाही करणार? चोरी झाली म्हणून कोणी स्वतःचं पोर घराबाहेर काढतं का?

मनालीची खुर्ची दोन दिवस रिकामी दिसल्यावर मॅडमनी मला धरलं. मी सगळं सांगितलं. त्या दिवशीच्या बॅचला कॉम्प्युटरचे भाग राहिले बाजूला. त्या साइटवर बोगस प्रोफाइल कळवायचं बटण होतं. मॅडमनी आम्हाला एकेकीला बसवून, आपापल्या खात्यातून, ते दाबायला लावलं. सकाळची बॅच, दुपारची, संध्याकाळची. हाटकेशच्या त्या पप्पांनासुद्धा फोन करून बोलावलं. त्यांनीही दाबलं. चार-पाच दिवसांनी ते पान नेटवरून गेलं. नोटिसबोर्डावरून मात्र गेलं नाही.

मग मॅडम माझ्याबरोबर घागांकडे आल्या. मनालीच्या आईनं दार अर्धंच उघडलं. “ती नाही घरी,” म्हणाली. आतल्या खोलीत मनालीच्या बांगड्या वाजत होत्या.

“हरकत न्हाय. मी हितं पायरीवर बसते,” मॅडम बोलल्या आणि खरंच बसल्या. मग दाराकडे तोंड करून, आत ऐकू जाईल असं बोलायला लागल्या. “मनाली, कोणी केलं ते मी विचारणार न्हाय. ते पोलिसांचं काम, बाबा जातील तेव्हा जातील. मना एवढंच पाहिजे. तू कोण हायस ते एका कागदावर लिही. खरं हाय तेवढंच. रविवारी सोसायटीची मीटिंग हाय ना? तेव्हा घेऊन खाली ये. आली न्हायस तरी मी येणारच हाय.”

जिना उतरताना मी म्हटलं, “मॅडम, ती नाही येणार.” त्या बोलल्या, “नको येऊ दे. मी कुठं जातेय?”

रविवारची मीटिंग होती पाण्याच्या टँकरवर. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळे सभासद, घाग काका मागच्या खांबाला टेकून उभे. मॅडम आल्या आणि थेट पहिल्या रांगेत बसल्या. सावंत काका म्हणाले, “मॅडम, माफ करा, बाहेरच्या लोकांना इथं बोलता येत नाही.”

“मी बोलायला न्हाय आले काका. ऐकायला आले. तुम्ही बोर्डावर काय लावलंय ते वाचून दाखवा ना. माझा चष्मा घरी राहिला.”

चष्मा त्यांना नव्हताच. सावंत काका गोंधळले. “अहो, ते सगळ्यांनी वाचलंय.”

“प्रत्येकानं एकेकट्यानं वाचलंय. आता सगळ्यांनी मिळून ऐकू दे. तुम्हीच लावलंय ना? मग मोठ्यानं वाचा.”

काका उठले, लिफ्टपाशी गेले, काचेसमोर उभे राहिले. ‘पालकांनो सावधान’ एवढं त्यांनी खणखणीत वाचलं. मग ‘मनाली घाग’. मग पुढची ओळ आली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मागे खुर्च्यांवर त्यांची सून बसली होती, नात बसली होती. मॅडम म्हणाल्या, “पुढं?”

“हे... हे वाचण्यासारखं नाहीये हो,” काका म्हणाले. आवाज पार उतरला होता.

“मग लावण्यासारखं कसं काय होतं?”

काकांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप पटकन उघडेना. पान काढलं, चार तुकडे केले आणि ते तुकडे कुठं टाकावे ते न कळून खिशात कोंबले. खरं सांगू, त्या क्षणी मला त्यांची दया आली, पण फार नाही.

आणि तेवढ्यात जिन्यावरून मनाली आली. पायात चपला नव्हत्या. हातात वहीचं फाडलेलं पान. कोणाकडे न बघता ती बोर्डापाशी गेली, काच उघडीच होती, पान आत लावलं आणि वाचायला लागली. आधी नुसतीच पुटपुटली. मॅडम जागेवरून फक्त “मोठ्यानं” एवढंच बोलल्या.

“माझं नाव मनाली घाग. बी विंग, तिसरा मजला. एस.वाय. बी.कॉम. मला अकाउंट्स आवडतं. मला नाचायला आवडतं. इथं आधी लावलेली बाई मी नव्हे. ही मी आहे. फोटो उद्या लावीन.”

बस एवढंच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कोणीतरी मागून पुटपुटलं की असं खाजगी काही लावायला कमिटीची परवानगी लागते. सावंत काकांना बिचाऱ्यांना काय करावं सुचेना, सवयीनं त्यांचा हात पानाकडे गेला.

“राहू द्या ते.”

हे घाग काका बोलले. आमच्या बिल्डिंगीत राहायला आल्यापासून मीटिंगमध्ये त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. खांब सोडून ते पुढे आले. “पहिलं जेवढे दिवस ठेवलात ना, हे पण तेवढेच दिवस राहू द्या. काढलंत तर माझ्याशी गाठ आहे.”

गाडीचं तिकीट रद्द झालं. मनाली परीक्षेला बसली. गावचं स्थळ गावीच राहिलं. सोमवारी ती क्लासला आली तेव्हा मॅडमनी ना पाठ थोपटली ना काही. बोलल्या, “आठवडाभराचं टायपिंग राहिलंय. बस.” त्याच दिवशी मनालीनं त्या साइटवर आपली प्रोफाइल बनवली. स्वतःचा फोटो, नवरात्रातलाच, पण अख्खा.

असल्या गोष्टी इथं संपत नाहीत. महिन्याभरानं खुद्द मॅडमचीच खोटी प्रोफाइल निघाली. आम्ही घाबरत घाबरत दाखवली. त्यांनी ती छापून घेतली, लाल पेन काढलं आणि पेपर तपासावा तशी तपासली. ‘वय चुकलं. पाच वर्षांनी कमी केलंस, धन्यवाद.’ ‘फोटो जुना हाय.’ आणि तळाला शेरा: ‘मेहनत न्हाय. पुन्हा करून आण.’ तपासलेलं पान क्लासच्या दारावर बाहेरून चिकटवलं. येणारा-जाणारा वाचून हसायचा.

सगळेच हसले नाहीत. काही आयांनी मुली काढून घेतल्या. ‘तिकडे काय काय शिकवतात’ अशी कुजबुज सुरू झाली. साडीवाला चांगला होता, पण जागेचा मालक वेगळा, त्यानं जागा रिकामी करायला सांगितली. मॅडमनी एक दिवस जाहीर केलं की क्लास आता मोरव्याला, घरच्या पडवीत भरणार. कोणाला लांब पडत असेल तर नाव काढून घ्या. निम्म्या जणींनी काढलं. मी सुद्धा पुढे नोकरीच्या मागे लागले आणि मोरव्याला एकदाही गेले नाही.

आज माझ्या हाताखाली कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुली काम करतात. फोनवर त्यांची बोटं मला दिसतसुद्धा नाहीत इतकी भराभर चालतात. पण कोणी घाण लिहिलं की त्या पहिल्यांदा काय करतात? अकाउंट बंद करतात. फोटो काढून टाकतात. आणि वरून वडीलधारे सांगतात, शहाणी आहेस. असं ऐकलं की माझ्यातली घरत मॅडमची विद्यार्थिनी उठते आणि भांडायला लागते. भांडते मी, अगदी ऑफिसात भांडते. सगळं शिकलो आपण, नवं नवं शिकलो, आणि पळ काढायचा धडा तेवढा जुनाच गिरवतोय!

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते क्लास हलवला त्या दिवशी. सामान न्यायला घाग काका आले होते, कारखान्याचा उघडा टेंपो घेऊन, कोणी न सांगता. सातही मॉनिटर त्यांनी स्वतः उचलून खाली आणले, भांडी रचावीत तसे नीट रचले. मधे मनाली उभी, दोन्ही हातांनी मॉनिटर सांभाळत. केबिन रोडला संध्याकाळची गर्दी. फेरीवाले, गिऱ्हाईकं, समोरच्या दुकानातली माणसं, सगळे माना वळवून बघत होते. ज्यांनी मुली काढून घेतल्या होत्या त्यातल्याही दोघी-तिघी होत्या. ड्रायव्हरनं ताडपत्री काढली. म्हणाला, “मॅडम, ढक देता हूँ. सब देख रहे हैं.”

मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर तो अक्षरं पुसलेला की-बोर्ड. त्यांनी मागे वळून टेंपोतल्या मनालीकडे बघितलं, मग रस्त्यावरच्या लोकांकडे.

“ढकायचं कशाला?” त्या बोलल्या. “बघू दे की. चल, गाडी काढ. आणि सावकाश चालव.”